आकाशातल्या गुपितांवर हौशी पाळत

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भासह राज्याच्या अनेक भागांतून आणि मध्य प्रदेशातूनही आकाशात जळत जाणाऱ्या रेषा लोकांनी पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे येऊन पडले. त्यानंतरच्या दिवसांत आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले. उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे नाना तर्क त्या रात्री लढवले गेले. अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मात्र ही वस्तू नेमकी ओळखली. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘छांग चंग ३ बी’ या प्रक्षेपकाचा तो तिसरा टप्पा होता आणि वर्षभराहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरून तो वातावरणात शिरला होता.

हे ओळखता आले, कारण त्या टप्प्याची कक्षा जाहीर यादीत नोंदलेली होती. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या हजारो वस्तूंची अशी यादी अमेरिकी लष्कर रडार आणि दुर्बिणींच्या साह्याने ठेवते आणि तिचा मोठा भाग जगाला खुला असतो. मात्र या यादीत काही जागा हेतुपुरस्सर कोऱ्या ठेवलेल्या आहेत. अमेरिकेच्या स्वतःच्या टेहळणी उपग्रहांचे नाव आणि क्रमांक तिथे सापडतात, पण ते कोणत्या कक्षेत फिरतात याचा तपशील सापडत नाही. या कोऱ्या जागा गेली कित्येक वर्षे जे लोक भरत आले आहेत, त्यांना कोणी नेमलेले नाही, की त्यांना कोणी पगारही देत नाही. घराच्या गच्चीवर किंवा अंगणात कॅमेरा लावून बसणारे हे हौशी निरीक्षक कॅनडा, ब्रिटन, नेदरलँड्स, फ्रान्स, दक्षिण आफ्रिका अशा देशांत विखुरलेले आहेत आणि आपली निरीक्षणे ते परस्परांत वाटून घेतात.

उपग्रह स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्या पत्र्यावर आणि सौरपंखांवर पडलेला सूर्यप्रकाश परावर्तित होऊन आपल्यापर्यंत येतो. त्यामुळे खाली अंधार आणि वर तीनचारशे किलोमीटरवर ऊन, अशी स्थिती असेल तेव्हाच तो दिसतो. ही वेळ सूर्यास्तानंतरचे आणि सूर्योदयापूर्वीचे दीड-दोन तास एवढीच असते. पृथ्वीच्या सावलीत शिरताच चांगला ठळक ठिपका काही क्षणांत विझून जातो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक मुंबईच्या झगमगाटातही नुसत्या डोळ्यांनी दिसते, ते याच वेळांत. गुप्त उपग्रहही याच नियमाने बांधलेले आहेत. त्यांच्या कक्षा गोपनीय ठेवता येतात, पण त्यांच्यावर पडणारे ऊन गोपनीय ठेवता येत नाही.

या छंदाची मुळे थेट पहिल्या उपग्रहापर्यंत पोहोचतात. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या तयारीत असताना अमेरिकेच्या स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक फ्रेड व्हिपल यांनी १९५६ मध्ये ‘मूनवॉच’ ही मोहीम उभी केली. उपग्रह सोडला तरी तो नेमका कुठे आहे हे शोधणार कोण, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. उत्तर साधे होते. विद्यार्थी, शिक्षक, दुकानदार, गृहिणी अशा सामान्य लोकांना ओळीने बसवायचे. प्रत्येकाकडे एक छोटी दुर्बीण द्यायची आणि प्रत्येकाने आकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषेचा आपापला तुकडा सांभाळायचा. शेजाऱ्यांचे तुकडे एकमेकांत किंचित गुंतलेले असत, त्यामुळे ती रेषा ओलांडणारा उपग्रह कोणाच्या तरी नजरेत सापडलाच पाहिजे. तो दिसला की हाळी द्यायची आणि वेळ टिपायची. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘स्पुटनिक’ उडाला, तेव्हा व्यावसायिक कॅमेऱ्यांचे जाळे अजून उभे राहायचे होते. ही माणसांची कुंपणे मात्र तयार होती. (स्पुटनिक पाहिल्याच्या आठवणी सांगणाऱ्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांपैकी बहुतेकांनी प्रत्यक्षात पाहिला असणार तो त्याच्यामागून फिरणारा अग्निबाणाचा भाग. मूळ गोळा त्या मानाने फारच अंधुक होता.)

पुढे व्हिपल यांच्या वेधशाळेने जगात १२ ठिकाणी ‘बेकर-नन’ नावाचे प्रचंड कॅमेरे बसवले. त्यांतील एक भारतात, नैनितालच्या वेधशाळेत होता. हौशी पथके त्यामुळे निकामी झाली नाहीत. मूनवॉच मोहीम १९७५ पर्यंत चालली. ५ सप्टेंबर १९६२ रोजी रशियाच्या ‘स्पुटनिक-४’चा सुमारे नऊ किलो वजनाचा तुकडा अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मॅनिटोवॉक या गावी भर रस्त्यात पडला, तेव्हा तो उपग्रह कोसळण्याच्या बेताला आला आहे हे जाणून मिलवॉकीचे मूनवॉच पथक त्या पहाटे आकाशाकडे डोळे लावून बसलेले होते. लाडबोरीच्या कड्याचा हा साठ वर्षांपूर्वीचा पूर्वज म्हणावा लागेल.

ब्रिटनमध्ये फार्नबरो येथील संशोधक डेस्मंड किंग-हेले यांनी हौशी निरीक्षणांतून शुद्ध विज्ञान उभे केले. त्यांचे स्वयंसेवक द्विनेत्री दुर्बीण आणि स्टॉपवॉच एवढ्याच सामग्रीनिशी काम करीत. उपग्रह ज्या दोन ताऱ्यांमधून जाईल, ते आधी हेरून ठेवायचे. तो त्यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेवर आला की बटण दाबायचे आणि ती रेषा त्याने कोणत्या प्रमाणात छेदली याचा अंदाज नोंदवायचा. अशा हजारो नोंदींतून कक्षांमधले सूक्ष्म बदल हाती आले. त्या बदलांवरून वरच्या वातावरणाची घनता, तिथले वारे आणि पृथ्वीच्या आकारातील किंचित ‘नासपतीपणा’ यांचा हिशेब मांडता आला.

आज स्टॉपवॉचची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. तत्त्व मात्र तेच आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

चारशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर धावतो. डोक्यावरून जाताना तो आकाशात सेकंदाला एक अंशाहून अधिक सरकतो. म्हणजे पूर्णचंद्राची रुंदी तो अर्ध्या सेकंदात पार करतो. मोठ्या दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातून तो डोळ्याचे पाते लवण्याआधी निसटतो. म्हणूनच कक्षा मोजणाऱ्यांचे मुख्य हत्यार दुर्बीण नसून साधा कॅमेरा आहे. ५० मिलिमीटरची, भरपूर प्रकाश घेणारी लेन्स तिपाईवर स्थिर ठेवून काही सेकंदांची छायाचित्रे घेतली जातात. छायाचित्रात तारे ठिपक्यांसारखे उमटतात आणि उपग्रह एक छोटी रेघ ओढून जातो. त्या रेघेची दोन टोके म्हणजे शटर उघडण्याचा आणि मिटण्याचा क्षण. आजूबाजूच्या ताऱ्यांची स्थाने ठाऊकच असतात, त्यांची रचना संगणक स्वतःच ओळखतो आणि त्यांच्याशी तुलना करून रेघेच्या टोकांचे विषुवांश व क्रांती काढून देतो.

इथवर सोपे आहे. खरी अडचण वेळेची आहे. अशा साध्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल म्हणजे आकाशातील सुमारे १८ विकला. पाचशे किलोमीटर अंतरावर तेवढ्या कोनात ४० ते ४५ मीटर मावतात. म्हणजे उपग्रहाची जागा आपण पन्नास मीटरच्या आत सांगू शकतो, आणि हे काम रस्त्यावरच्या दुकानातून विकत घेतलेली सामग्री करते. पण घड्याळ एक दशांश सेकंद चुकले तर तोच उपग्रह ७७० मीटर पुढे गेलेला असतो! कॅमेऱ्याच्या आतल्या घड्याळावर विसंबणाऱ्याची सगळी मेहनत अशी वाया जाते. त्यामुळे मुरलेले निरीक्षक कॅमेऱ्याइतकेच लक्ष वेळेकडे देतात. जीपीएस उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवर घड्याळ जुळवणे, शटरला लागणारा विलंब स्वतः मोजून वजा करणे, किंवा व्हिडिओच्या प्रत्येक चौकटीवर जीपीएसची वेळ उमटवणारे छोटे यंत्र जोडणे हे त्यांचे उपाय. या छंदातली निम्मी विद्या घड्याळाची आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

काही मिनिटांत घेतलेल्या अशा पाच-सहा नोंदी मिळाल्या की कक्षेचे ढोबळ गणित मांडता येते. हे गणित काही नवे नाही. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीत पियाझी यांना ‘सेरेस’ हा लघुग्रह दिसला आणि थोड्याच दिवसांत तो सूर्यतेजात हरवला. मोजक्या निरीक्षणांवरून तो पुन्हा कुठे उगवेल हे तरुण गणिती गाउस यांनी सांगितले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो सापडला. हौशी निरीक्षकांच्या संगणकात त्याच पद्धतीचे वंशज आहेत. फरक एवढाच की सेरेस आपला मार्ग मनात येईल तेव्हा बदलत नाही. टेहळणी उपग्रह बदलतात. शिवाय वातावरणाचे विरळ घर्षण त्यांना सतत खाली ओढत असते. फेरीच्या कालावधीत अवघ्या एका सेकंदाची चूक राहिली, तरी दिवसाला पंधरा-सोळा फेऱ्या मारणारा उपग्रह आठवड्याभरात भाकितापेक्षा पावणेदोन मिनिटे मागेपुढे होतो. म्हणून एकदा शोधून भागत नाही. कोणीतरी पुन्हापुन्हा पाहत राहावे लागते.

मग ज्याची कक्षाच माहीत नाही असा नवा उपग्रह शोधायचा कसा? प्रक्षेपणाची वेळ आणि स्थळ लपत नाही. अग्निबाणाचे टाकाऊ टप्पे समुद्रात जिथे पडायचे तिथून जहाजे व विमाने दूर राहावीत म्हणून सूचना काढाव्याच लागतात. त्या क्षेत्रांवरून अग्निबाण कोणत्या दिशेने गेला आणि कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल किती, हे निघते. उपग्रह कक्षेत नेमका कुठे आहे हे कळले नाही, तरी कक्षेचे प्रतल आकाशात जवळपास स्थिर असते. निरीक्षकाच्या डोक्यावरून ते प्रतल कोणत्या वेळी जाईल हे काढायचे आणि त्या रेषेवर कॅमेरा रोखून वाट पाहायची. व्हिपल यांच्या कुंपणाचीच ही नवी आवृत्ती.

या चिकाटीला आलेली फळे लहान नाहीत. फेब्रुवारी १९९० मध्ये ‘अटलांटिस’ या अंतराळयानाने सोडलेला एक गुप्त उपग्रह नष्ट झाल्याची बातमी पसरली होती. काही महिन्यांनी युरोपातील हौशी निरीक्षकांना तो वेगळ्याच कक्षेत सुखरूप फिरताना आढळला. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकी हवाई दलाने ‘एक्स-३७ बी’ हे मानवरहित छोटे अंतराळविमान सोडले आणि ते कुठे फिरते आहे हे सांगण्यास नकार दिला. महिनाभरातच कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेतील निरीक्षकांनी ते शोधून काढले. त्याचा मार्ग दर चार दिवसांनी पृथ्वीवरील त्याच भागांवरून जात होता आणि ही टेहळणीच्या कक्षांची ओळखीची खूण आहे.

सर्वांत बोलका प्रसंग २०१९ चा. २९ ऑगस्ट रोजी इराणच्या सेमनान प्रांतातील अवकाशतळावर ‘सफीर’ अग्निबाण उड्डाणापूर्वीच भस्मसात झाला. दुसऱ्या दिवशी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जळालेल्या प्रक्षेपणमंचाचे अत्यंत सुस्पष्ट छायाचित्र ट्विटरवर टाकले. ते छायाचित्राचेच काढलेले छायाचित्र होते. मध्यभागी कॅमेऱ्याच्या फ्लॅशची तिरीपही दिसत होती. इतके बारीक तपशील दाखवणारे चित्र विमानातून घेतले की उपग्रहातून, हा प्रश्न लगेच उभा राहिला. नेदरलँड्समधील मार्को लँगब्रुक आणि त्यांच्या सहनिरीक्षकांनी त्याचे उत्तर शाळेतल्या भूमितीने शोधले. मंचाचे वर्तुळ चित्रात लंबवर्तुळासारखे दिसत होते. त्याच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून चित्र कोणत्या कोनातून घेतले ते निघाले. मनोऱ्यांच्या सावल्या सूर्यघड्याळाच्या काट्यासारख्या पडलेल्या होत्या. त्यांच्यावरून वेळ निघाली. त्या वेळी, त्या कोनावर आकाशात काय होते? हौशी निरीक्षकांच्या यादीत उत्तर तयार होते. जानेवारी २०११ मध्ये सोडलेला ‘यूएसए-२२४’ हा ‘केएच-११’ जातीचा टेहळणी उपग्रह बरोबर त्याच क्षणी तिथून जात होता. जगातील एका बलाढ्य राष्ट्राच्या सर्वांत महागड्या डोळ्यांपैकी एक किती बारीक पाहू शकतो, हे त्यामुळे सर्वांना कळले. तेच मूळ छायाचित्र अमेरिकी सरकारने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अधिकृतपणे खुले केले.

साहजिकच आक्षेप येतो की अशी माहिती उघड करणे एखाद्या देशाच्या सुरक्षेला घातक नाही का? आक्षेप अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. टेहळणी उपग्रह डोक्यावर कधी येणार हे कळले की खाली लपवाछपवी करता येते, आणि वर्तमानपत्र वाचणारा कोणीही ते गणित करू शकतो. मात्र जे दृश्य गच्चीवरच्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला टिपता येते, ते रडार आणि वेधशाळा बाळगणाऱ्या प्रतिस्पर्धी राष्ट्राला दिसत नसेल, हे मानणे भाबडेपणाचे आहे. अशा गुप्ततेतून अंधारात राहतो तो सामान्य नागरिक. एखादे राष्ट्र ‘आमचा उपग्रह शांततेसाठी आहे’ किंवा ‘धोकादायक कचरा उरलेला नाही’ असे सांगते, तेव्हा ते ताडून पाहणारा कोणी स्वतंत्र माणूस जगात असणे, ही या छंदाची खरी किंमत आहे. १९६६ मध्ये ब्रिटनमधील केटरिंगच्या शाळेतले शिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रेडिओ संकेत ऐकून एका सोव्हिएत उपग्रहाची कक्षा मांडली. त्यावरून उत्तरेकडील प्लेसेट्स्क येथे एक नवा तळ असल्याचे त्यांनी ओळखले. सोव्हिएत सरकारने तो मान्य करायला १९८३ साल उजाडले.

कक्षा मोजण्यापलीकडे जाऊन उपग्रहाचा आकारच टिपणारी एक वेगळी शाखाही आहे. तिथे मात्र मोठी दुर्बीणच लागते. अंतराळ स्थानकाची १०९ मीटर लांबी डोक्यावर असताना सुमारे ५६ विकला भरते, म्हणजे गुरू ग्रहाच्या बिंबापेक्षाही मोठी. आठ इंची दुर्बिणीतून त्याचे सौरपंख वेगळे ओळखू येतात. दुर्बीण मोटारींवर चढवून संगणकाकरवी उपग्रहामागे फिरवायची, किंवा हाताने ढकलत शोधक-दुर्बिणीच्या फुलीवर तो धरून ठेवायचा आणि व्हिडिओतील हजारो चौकटींतून चार चांगल्या निवडायच्या. फ्रान्सचे तिएरी लेगो यांनी जानेवारी २०१२ मध्ये कोसळण्याच्या बेतात असलेले रशियाचे ‘फोबोस-ग्रुंट’ यान याच मार्गाने टिपले होते. छोट्या उपग्रहांबाबत मात्र हवेच्या थरथरीपुढे कोणाचेच फार चालत नाही. दोन विकलांची थरथर चारशे किलोमीटरवर चार मीटरचा तपशील पुसून टाकते, त्यामुळे अशा चित्रांतून फार मोठे निष्कर्ष काढणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे.

अलीकडे या सर्वांपुढे नवे संकट आहे ते गर्दीचे. ‘स्टारलिंक’सारख्या समूहांमुळे कार्यरत उपग्रहांची संख्या दहा हजारांच्या पलीकडे गेली आहे. पूर्वी छायाचित्रात अनोळखी रेघ दिसली की उत्सुकता वाटे. आता आधी ती कोणाची नाही हे तपासत बसावे लागते.

आपल्याकडे हौशी खगोलनिरीक्षणाची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ ची, मुंबईचे खगोल मंडळ १९८५ चे. ग्रहणे, उल्कावर्षाव, चलतारे यांचे वेध इथे आवडीने घेतले जातात. उपग्रहांचे वेध मात्र अजून कुतूहलाच्या पातळीवरच आहेत. ‘स्थानक आज किती वाजता दिसेल’ यापुढे फारसे कोणी जात नाही. याला काही कारणे निसर्गानेच दिली आहेत. नेदरलँड्स किंवा स्कॉटलंडमध्ये जूनच्या रात्री सूर्य क्षितिजाखाली फार उतरत नाही, त्यामुळे खालच्या कक्षेतले उपग्रह रात्रभर उजळलेले असतात. आपल्याला संध्याकाळ-पहाटेचे दीड-दोन तासच मिळतात आणि त्यांतही पावसाळ्याचे चार महिने गेले. पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. विषुववृत्ताच्या जवळून फिरणारे उपग्रह युरोपातून उगवतच नाहीत. इस्रोने २०१५ मध्ये सोडलेला आणि ज्याच्या कामात पुण्याच्या ‘आयुका’चा वाटा आहे तो ‘ॲस्ट्रोसॅट’ अवघ्या सहा अंशांच्या कलाने, साडेसहाशे किलोमीटर उंचीवर फिरतो. पुण्याहून तो दक्षिणेला क्षितिजापासून सतराएक अंश वर येऊ शकतो. लायडनचा निरीक्षक कितीही चिवट असला तरी त्याच्या आकाशात तो कधीच येणार नाही.

ज्यांना हात घालून पाहायचा असेल, त्यांनी सुरुवात गुप्त उपग्रहांपासून करू नये. ज्याची कक्षा जाहीर आहे असा एखादा ठळक उपग्रह निवडावा, त्याची रेघ टिपावी, मोजावी आणि आपले उत्तर जाहीर कक्षेशी ताडून पाहावे. पहिल्या दहा-बारा प्रयत्नांत फरक येईल तो बहुधा घड्याळाचाच असेल. त्याहून सोपा धडा भूस्थिर उपग्रहांचा आहे. छत्तीस हजार किलोमीटरवरचे हे उपग्रह पुण्याहून पाहता खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे तीन अंश दक्षिणेला, एका ओळीत टांगल्यासारखे असतात आणि वर्षातला बहुतेक काळ रात्रभर उजळलेले राहतात. त्यांत ७४ अंश पूर्व रेखांशावरची इस्रोची जागा पुण्याच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला येते. सहा इंची दुर्बिणीला कॅमेरा जोडावा, ताऱ्यांमागे फिरणारी मोटार बंद ठेवावी आणि त्या जागेकडे रोखून अर्ध्या मिनिटाचे छायाचित्र घ्यावे. सगळे तारे पश्चिमेकडे सरकत रेघा ओढतील. जो ठिपका जागचा हलणार नाही, तो उपग्रह.